ते रक्त पाळीचं नव्हतं

हे लिहायला मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. "तुझ्यासारख्या मुलांच्या आईवडलांना उपयोग होईल," म्हणाले, "फक्त जरा सौम्य लिही." सौम्य जमणार नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगून टाकलं.

माझ्या आजाराचं नाव क्रोन्स. आपलंच शरीर आपल्या आतड्यावर उठतं, आतून सूज येते, जखमा होतात. कायमचा जात नाही, औषधांनी दबून राहतो. लहान मुलांनाही होतो. मला तो सुरू झाला तेव्हा मी सहावीत होते आणि त्याचं नाव कळलं तेव्हा आठवी संपली होती. मधल्या काळात माझं घर, माझी शाळा आणि दोन दवाखाने यांनी मिळून काय गोंधळ घातला, ते इथे लिहिते. आजाराबद्दल माझी तक्रार नाही, त्याला डोकं नसतं. ज्यांना होतं त्यांच्याबद्दल आहे.

शाळेतला बाक

पाथरीला आमचं किराणा दुकान आहे. मागे घर, पुढे दुकान. घरात अप्पा, आई, मी आणि अप्पांची मोठी बहीण, आईची आक्का, माझी आत्या. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला गेल्या त्या गेल्याच. स्वयंपाक आई करायची, पण मीठ किती घालायचं हे आत्या ठरवायची.

सहावीच्या सुरुवातीपासून माझं पोट दुखायचं. जेवलं की कळ यायची, कळ आली की पळावं लागायचं. शाळेतल्या संडासाला कडी नव्हती, त्यामुळे मी डबा खाणं बंद केलं. तोंडात फोड यायचे, गुडघे दुखायचे. बाजारातल्या डॉक्टरांनी आधी जंताचं औषध दिलं, मग पित्ताचं, मग सलाईन लावली. सलाईनने दोन दिवस तरतरी यायची, म्हणून आत्या म्हणायची, "बघ, पोरीला काई झालेलं न्हाई, नुसती खायाची बोंब हाय."

एके दिवशी भूगोलाच्या तासाला मला थांबवता आलं नाही. थोडंसंच झालं, पण स्कर्टला मागून लाल डाग पडला. बाईंनी तो बघितला, माझ्या कमरेला स्वतःची ओढणी बांधली आणि एका मैत्रिणीबरोबर मला घरी पाठवलं. जाताना माझ्या गालाला हात लावून हसल्या. त्या चांगल्या होत्या, पण डाग कुठे पडलाय हे त्यांनी बघितलं आणि तो कुठून आला हे मनानेच ठरवलं.

घरी आत्याने डाग बघितला आणि देवासमोर दिवा लावला. मी तिला सांगितलं, "आत्या, ते शीतून यायलंय." मला शब्द न् शब्द आठवतो. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप. पोरीच्या जातीनं असं बोलत न्हाईत. पयल्यांदा समदं एकाच ठिकानचं वाटतंय."

मी अकरा वर्षांची होते. मला वाटलं, असेलही. मोठ्या बाईला माहीत असणार.

मखर

आम्ही लिंगायत. आजोबा होते तेव्हा अभिमानाने सांगायचे, आपल्यात बाईचा विटाळ मानत नाहीत. खरं आहे. मला कुणी बाजूला बसवलं नाही. मधोमध बसवलं.

आत्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे भाचीचं न्हाण हा तिच्या हातून होणारा एकमेव सोहळा होता. तिने बैठकीच्या खोलीत जरीच्या साड्यांचं मखर उभं केलं, त्याला दिव्यांच्या माळा लावल्या, मला हिरवा परकर-पोलका घातला आणि सगळ्या गल्लीला जेवायला बोलावलं. आमच्याकडे अशी रीत आहे की ओटी भरायला येणारी प्रत्येक बाई घरून काहीतरी गोड आणते आणि आपल्या हाताने मुलीला घास भरवते. नाही म्हणायचं नाही, अपशकुन होतो. खीर, रव्याचा लाडू, पुरणपोळी, गूळ-खोबरं, पुन्हा खीर. आणि आरती होईपर्यंत मखरातून उठायचं नाही.

माझ्या पोटात कळ आली. मी आत्याकडे बघितलं, तिने डोळे वटारले. मी आईकडे बघितलं. आई दाराशी चहाचे कप घेऊन उभी होती, तिने आत्याकडे बघितलं. दुसरी कळ आली तेव्हा एक काकू माझ्या तोंडात लाडू घालत होत्या. मी दात आवळून बसले, आणि मग नाही बसवलं.

आत्याने पटकन माझ्या मांडीवर शाल टाकली आणि बायकांना हसत म्हणाली, "पयल्या टायमाला लय जातंय." बायका हसल्या, मायेनेच हसल्या. पण तिथे वास आला होता. तो वास पाळीचा नसतो, हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला कळत होतं. कळूनही एक बाई बोलली नाही. ओटी भरणं चालू राहिलं.

मला या आजाराने पुढे बरंच काही दाखवलं, नळ्या दाखवल्या, सुया दाखवल्या. पण अजूनही मला दचकून जागं करते ती ती खोली.

नियमित करायच्या गोळ्या

पुढे रक्त कधी रोज, कधी आठवड्याने. आत्याच्या हिशोबात ती पाळी "बिघडलेली" होती. ती मला परभणीला एका बाई डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सगळे प्रश्न आत्याला विचारले. किती दिवस जातं, कपडे किती लागतात, पोटात दुखतं का. आत्याने सगळी उत्तरं दिली, जणू पोट तिचं होतं. लग्न न झालेल्या मुलीला आत तपासत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. मला आत तपासायची गरजच नव्हती. मला एक प्रश्न विचारायची गरज होती.

सोनोग्राफी केली. वयाच्या मानाने गर्भाशय लहान आहे, अजून पुरतं वाढलेलं नाही, असं त्यात निघालं. म्हणजे यंत्र सांगत होतं की बायांनो, या पोरीला पाळी आलेलीच नाही. यंत्राच्या तोंडावर मात्र आत्याला हात ठेवता येत नव्हता, तर ते काम डॉक्टरांनी केलं. "वाढेल हळूहळू," म्हणाल्या आणि पाळी नियमित करायच्या गोळ्या लिहून दिल्या. जी नव्हतीच ती नियमित होणार होती.

गोळ्यांनी मळमळायचं. रक्त थांबायचं नाही. मी वाळत गेले. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं करायचे; माझ्या मैत्रिणी एकेक करत मागे सरकल्या आणि मी सहावीत होते तिथेच, पुढून तिसरी. आत्या म्हणायची, आपल्यात बुटकेच असतेत. अप्पा सहा फुटाला थोडे कमी आहेत.

अप्पांबद्दल काय लिहू? बायकांच्या गोष्टीत पुरुषांनी पडायचं नाही, एवढा एकच नियम त्यांनी मन लावून पाळला. घरात रक्ताचा विषय निघाला की ते दुकानात जाऊन बसायचे.

पाणी टाकू नको

आठवी संपली त्या सुट्टीत आई मला घेऊन पेडगावला माहेरी गेली. आत्या बरोबर नव्हती. पाथरीत माझे ते कपडे आत्या स्वतः धुवायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. पेडगावला ते आईने धुतले. दोन दिवस धुतले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, मी परसातल्या संडासात असताना, बाहेरून तिचा आवाज आला.

"पाणी टाकू नको. कडी काढ. मला बघू दे."

मी रडायला लागले, लाजेने. ती आत आली आणि तिने बघितलं. शेंब मिसळल्यासारखं, लालभडक. ती तिथेच उंबऱ्यावर खाली बसली.

"हे कवापासनं?"

"पयल्यापासनं."

"आन् पुढनं? तिथून कदी आलं?"

"कदीच न्हाई."

आईने शेजारची बादली उचलून भिंतीवर मारली. माझी आई, जी भांडी पण आवाज न करता घासायची. बादलीचा कान तुटला. मामी धावत आली, तिला तिने हाताने मागे सारलं आणि मामाच्या फोनवरून अप्पांना सांगितलं, "गाडी करून या. पाथरीचा दवाखाना न्हाई, परभनीचा न्हाई, मोठ्या दवाखान्यात जायाचंय. आन् आक्काला संगं आणू नका. आणलं तर मी गाडीत बसनार न्हाई."

लोक विचारतात, निदान कधी झालं. डॉक्टरांच्या कागदावर काहीही तारीख असो. माझं निदान पेडगावच्या परसात झालं.

सगळ्यांनी गप्प बसा

संभाजीनगरच्या वाटेवर देवगाव फाट्याला मला थांबावं लागलं. हॉटेलच्या संडासाला कुलूप होतं आणि चावी मालकाकडे, मालक जेवायला गेलेला. मागे पत्र्यांच्या आडोशाला आईने पदर पसरून धरला. दोन ट्रकवाले वळून बघत होते, त्यांना तिने अशा शिव्या घातल्या की अप्पांनी मान खाली घातली. या रस्त्यावर कुठे संडास आहे आणि कुठे नाही हे मला आजही पाठ आहे. बायकांसाठी रस्ते बांधलेलेच नाहीत, आजारी बायकांसाठी तर नाहीतच.

मुलांच्या पोटाचे डॉक्टर संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात होते. वयाने तरुण, स्वभावाने तिरसट. अप्पांनी सुरुवात केली, "हिची पाळी..." आईने त्यांना तोडलं. दोघं एकदम बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही दोघं गप्प बसा. मी हिला विचारतोय."

मग त्यांनी मला विचारलं. दिवसातून किती वेळा? झोपेतून उठून जावं लागतं का? रक्त शीत मिसळलेलं की वेगळं? जावं लागेल या भीतीने खाणं सोडलंस का? प्रार्थनेच्या रांगेत कितवी असतेस? एकेका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, तीन वर्षं तयार होतं. मी बोलत राहिले आणि अप्पा माझ्याकडे असे बघत होते की ही कोण पोरगी.

शीची तपासणी झाली, रक्ताची झाली, मग आतड्यात कॅमेरा घालायचं ठरलं. आदल्या दिवशी पोट साफ करायला पावडर कालवलेलं पाणी प्यायला देतात, ढेकर आली तरी तीच चव. वॉर्डात झाडलोट करणाऱ्या मावशींनी सिस्टरशी भांडून मला संडासाजवळचा पलंग मिळवून दिला. हे उपकार मी विसरणार नाही. दुर्बिणीच्या वेळी भूल देतात, काही कळत नाही. जे भीतीने टाळतात त्यांना एवढंच सांगते की त्यापेक्षा मखर वाईट होतं.

चार-पाच दिवसांनी डॉक्टरांनी नाव सांगितलं. अप्पांनी विचारलं, "कॅन्सर तर न्हाई ना?"

"नाही."

"मंग बरी होईल."

"आजार जाणार नाही. ताब्यात राहील. ती शिकेल, उंच होईल, सगळं करेल. औषध मात्र सोडायचं नाही."

अप्पा रडले. मला, खरं सांगते, आनंद झाला. माझ्या दुखण्याला नाव होतं, म्हणजे मी खोटं बोलत नव्हते.

राग त्या डॉक्टरांचाही आला. माझ्या पलंगाभोवती विद्यार्थी जमवून ते इंग्रजीत बोलले आणि जाताना आईला म्हणाले, "इतकी वर्षं झोपला होतात का?" आईला. जिने बघितलं तिला. अप्पा शेजारीच उभे होते, बाई डॉक्टर परभणीत होत्या, आत्या घरी होती, शाळा सुट्टीवर होती. बोलणी खायला आई एकटी हजर. मी म्हणाले, "तिला बोलू नका." डॉक्टर थांबले. मग "बरोबर आहे," एवढंच म्हणाले. म्हणून मी अजून त्यांच्याकडे जाते.

घास

मुलांच्या या आजारात आधी दोन महिने जेवण बंद करतात. फक्त डब्यातली पावडर पाण्यात कालवून प्यायची, तिन्हीत्रिकाळ, आतड्याला विसावा म्हणून. सगळ्यांनाच देतात असं नाही, मला दिली. पहिला आठवडा मी फोडणीच्या वासाने रडले. भुकेने नाही, पोट भरलेलं असायचं. दातांना चावायला काही नव्हतं म्हणून.

आत्या दवाखान्यात आली ती धपाटे घेऊन. "पोरीला उपाशी मारायलेत. दवाखान्याचं काय ऐकता, डॉक्टरला काय पडलंय," असं म्हणत तिने फडकं सोडलं, तुकडा मोडला, दह्यात बुडवला आणि माझ्या तोंडाशी आणला. मी तोंड मिटलं. तिने दुसऱ्या हाताने माझी हनुवटी धरली.

आईने तिचं मनगट पकडलं. जोरात नाही. पण सोडलं नाही.

"आक्का, हिच्या तोंडात आता कुनी घास घालायचा न्हाई. हिनं मागितल्याबिगर न्हाई."

"मी काय इख घालायले का?"

"मला ठावं न्हाई काय घालायल्या. तुमालाबी ठावं न्हाई."

आत्या धपाटे बांधून निघून गेली. घरी जाऊन तिने किल्ल्या अप्पांसमोर टाकल्या, अप्पांनी त्या उचलून आईला दिल्या. हे त्यांनी केलेलं पहिलं धड काम.

दोन महिन्यांत रक्त थांबलं. मग गोळ्या, मग इंजेक्शनं. पुढच्या वर्षभरात माझे सगळे कपडे आखूड झाले. पाळी, खरी, मला अकरावीत आली. मी आईला सांगितलं, तिने पॅड आणून दिले आणि चहा केला. तेवढंच पुरेसं होतं.

कुणाला सांगू नका

दवाखान्यातून सुटलो त्या दिवशी अप्पा गाडीत म्हणाले, "कुनी इचारलं तर पित्ताचा तरास म्हनायचं. पोरीचं लगीन व्हायचंय." आईलाही तीच भीती होती.

म्हणजे बघा. जे रक्त आलंच नव्हतं त्याला सगळी गल्ली जेवायला बोलावली, आणि जे आलं ते उंबऱ्याच्या आत ठेवायचं. पोरीच्या गर्भाशयाची दवंडी चालते, आतड्याची चालत नाही. इज्जत नेमकी कुठल्या अवयवात असते, हे मला या घरात राहूनही कळलेलं नाही.

आत्याशी मी बोलते. तिचे गुडघे गेलेत, मी तेल लावून देते. एकदा मी तिला विचारलं, तुला त्या दिवशी वास आला नव्हता का? ती म्हणाली, "त्या टायमाला मला लय आनंद झाला होता बाई." खरंच सांगत होती ती. तरी मी तिला माफ केलेलं नाही. आजारपण माणसाला शहाणं करतं, सोसायला शिकवतं, असं लोक लिहितात. मला नाही शिकवलं. सोसत बसले म्हणून तर तीन वर्षं गेली.

मी डॉक्टर नाही. पण पोराची उंची थांबली असेल, तोंडात सारखे फोड येत असतील, ते झोपेतून उठून संडासला पळत असेल, पोट दुखेल म्हणून जेवण टाळत असेल, शीत रक्त दिसत असेल, तर अंगारा, जंताचं औषध आणि सलाईन यात महिने घालवू नका. पोटाच्या डॉक्टरकडे न्या. त्याआधी संडासाच्या दाराशी उभं राहा आणि बघा. किळस येत असेल तर येऊ द्या.

गेल्या संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू होतं. एका बाईने मला विचारलं, अजून बारीकच की गं. आत्या म्हणाली, पित्ताचा तरास हाय. मी वाण वाटता वाटता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आजाराचं नाव सांगितलं, रक्त कुठून जायचं ते सांगितलं आणि मखराच्या दिवशी तुम्ही कशासाठी जेवून गेलात तेही सांगितलं. कुणी वाणाला हात लावेना. आत्या उठून आत गेली. अप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतली एक बाई आली. तिच्या नवऱ्याचं टायरचं दुकान आहे. बरोबर तिची मुलगी होती, तिसरी-चौथीतली, हाताच्या काड्या झालेल्या. बाई दारातच कुजबुजायला लागली. हिचं पोट दुखतंय, शाळेत जायाला बघत न्हाई, बहाणे करती, जंताचं झालं, उतारा झाला, परवा तुमी बोललात म्हणून आले, सासूला सांगू नका.

मी म्हणाले, "काकू, तुमी थांबा." मुलीला मी आत नेलं, पलंगावर बसवलं आणि तिच्यासमोर खाली बसले. मला विचारले होते तेच प्रश्न मी तिला विचारले. ती आधी परकराशी चाळा करत होती, मग बोलायला लागली. दुपारी जास्त दुखतं. कधी शी लाल असते. शाळेत डबा कुत्र्याला घालते. हे सांगताना तिने एकदाही आईकडे बघितलं नाही.

बाई दाराला धरून उभी होती.

"आगं माय, मंग मला का न्हाई सांगितलंस?"

पोरगी तिच्याकडे वळली. आवाज न चढवता म्हणाली, "सांगितलं होतं की."